कोनॅझोलची भावकी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या गुरुवारच्या अंकात आरोग्याच्या पानावर ‘नायट्यावर अँटिबायोटिकही चालेना’ हा मथळा वाचला आणि हातातला चहा तसाच गार झाला. बातमी चांगली होती. त्वचेच्या डॉक्टरांशी बोलून लिहिलेली दिसत होती आणि आत कुठंही अँटिबायोटिक हा शब्द नव्हता. तो फक्त मथळ्यात होता, दोन बोटं जाडीच्या अक्षरांत. आमच्या गल्लीत बातमी तिघांनी वाचली असेल, मथळा मात्र सगळ्यांनी वाचला. संध्याकाळी पारावर एकजण म्हणालाच, ‘‘आप्पा, माझ्याकडं मागच्या तापातल्या चार कॅप्सूल शिल्लक हायत. त्याच घेऊ का नायट्याला?’’

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी ३१ वर्षं यीस्ट सांभाळलं. माझं लग्न जमवताना वडिलांनी ‘पोरगा केमिस्ट आहे’ एवढंच सांगितलं होतं, कशाचा ते विचारल्यावर विषय बदलला होता. आता तासगाव तालुक्यात गावी असतो. दोन एकर द्राक्षबाग आहे. ती पुतण्या बघतो, मी सूचना करतो आणि तो त्या ऐकत नाही. पण मळीच्या टाकीतलं यीस्ट, बाळाच्या जिभेवर पांढरा थर आणणारी कॅन्डिडा, मांडीवरचा नायटा आणि द्राक्षाच्या घडावरची भुरी ही सगळी बुरशीच्याच कुळातली. पेशीची बांधणी थोड्याफार फरकानं एकच. त्यामुळं या विषयावर दोन शब्द बोलायचा अधिकार मी घेतो आहे.

आधी मथळ्याचं निस्तरू. आपण मेडिकलमधून आणतो ती अमॉक्सिसिलिनसारखी अँटिबायोटिकं जिवाणूंच्या भिंतीवर चालतात. ती भिंत ज्या मालाची असते तो माल यीस्टच्या भिंतीत नसतोच. मग औषध धरणार कशाला? उलट जिभेवर, आतड्यात, नाजूक जागी जे जिवाणू कॅन्डिडाला दाबून ठेवतात ते या कॅप्सूलनं मरतात आणि कॅन्डिडाला रान मोकळं मिळतं. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर तोंडात पांढरं येतं ते यामुळंच. काटेकोर बोलणारा एखादा वाचक म्हणेल की बुरशीवरची काही औषधंही मातीतल्या जिवाणूंपासूनच मिळाली, म्हणजे तीही अँटिबायोटिकच. शब्दाला खरं आहे. पण पारावरच्या माणसाच्या खिशात ती नव्हती.

आता पेशी. आमच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मी रोज सकाळी यीस्ट बघायचो. काचेवर एक थेंब वॉश, म्हणजे टाकीतलं आंबत असलेलं मळीचं पाणी, त्यात मेथिलिन ब्लूचा एक थेंब. लंबगोल दाणे, एका केसाच्या जाडीत आठ-दहा ओळीनं बसतील एवढे. जिवंत पेशी बिनरंगी राहते, मेलेली निळी होते. जिवंत पेशीच्या खांद्यावर एक छोटा फुगवटा येतो, तो वाढतो, आईएवढा व्हायला लागतो आणि सुटून जातो. सुटल्याजागी आईच्या अंगावर गोल व्रण राहतो. दर बाळंतपणाचा एक. म्हातारी पेशी त्या व्रणांनी भरलेली असते. ते व्रण साध्या लेन्सखाली दिसत नाहीत, पण तिथं कायटिन साठलेलं असतं, झिंग्याच्या कवचात असतं तेच.

या दाण्याला दोन आवरणं. बाहेर भिंत, आत पातळ पडदा. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांना टायर आणि ट्यूब म्हटलं की कळेल. टायर म्हणजे भिंत: ग्लुकानचे तंतू, त्यावर साखर लावलेली प्रथिनं आणि थोडं कायटिन. ट्यूब म्हणजे पडदा. पेशीच्या आत दाब असतो. तो दाब टायर पेलतो, पण हवा धरून ठेवते ती ट्यूबच.

ट्यूबचं महत्त्व मला नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी समजलं, तेही शिव्या खाऊन. रात्रपाळीला होतो. यीस्ट वाढवायच्या टाकीत खालून हवा सोडतात, तो ब्लोअर दोन वाजता ट्रिप झाला. मी मनात म्हटलं, अल्कोहोल तर बिनहवेचंच तयार होतं, सकाळी बघू. सकाळी ते यीस्ट मोठ्या फर्मेंटरला गेलं. पहिले काही तास बरं चाललं, मग वॉश पाच टक्क्यांच्या आसपास अडकला. साखर शिल्लक, फेस बसलेला, आणि काचेवर बघतो तर निम्मे दाणे निळे. आमचे सीनियर मिशीतून म्हणाले, ‘‘शहाण्या, दारू बिनहवेची असते. यीस्ट हवेचं असतं.’’

त्यांनी त्या दिवशी शिकवलं ते पुढं जन्मभर पुरलं. पडद्यात चरबी असते. तूप थंडीत गोठतं आणि उन्हाळ्यात पाणी होतं, पडद्याला दोन्ही परवडत नाही. त्याला कायम मधल्या अवस्थेत ठेवायला यीस्ट एक पदार्थ बनवतं, एर्गोस्टेरॉल. तो बनवायला हवेतला ऑक्सिजन लागतोच लागतो. हवा नाही तर एर्गोस्टेरॉल नाही. पडदा कच्चा राहतो आणि अल्कोहोल चढलं की गळायला लागतो. माझ्या त्या टाकीत तेच झालं होतं.

नाव अवघड वाटेल, पण जत-आटपाडीच्या बाजरीवाल्यांना ते निम्मं माहीत आहे. बाजरीच्या कणसावर मधासारखा चिकटा येतो, मग काळपट टोकदार दाणे होतात, त्या रोगाला आपण अरगट म्हणतो. बी पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारं काढून टाकतात ते त्याचसाठी. परदेशातल्या राय नावाच्या धान्यावर त्याचाच भाऊबंद येतो. त्यातून १८८९ साली तांरे नावाच्या फ्रेंच माणसानं हा पदार्थ वेगळा काढला, म्हणून अरगटाचं एर्गोस्टेरॉल.

आपल्या, म्हणजे माणसाच्या, पेशीच्या पडद्यात हेच काम कोलेस्टेरॉल करतं. दोन्ही चुलतभाऊ, चेहरेपट्टी जवळजवळ एक. बुरशीच्या औषधांची सगळी पंचाईत इथं आहे. जिवाणू आपल्यापासून फार लांबचे, त्यांना मारायला जागा पुष्कळ. बुरशी मात्र आपल्या भावकीतली. तिचं केंद्रक, तिची यंत्रणा, बरंचसं आपल्यासारखंच. तिला मारायचं आणि आपल्याला धक्का लागू द्यायचा नाही, तर औषधाला हात घालायला दोन-तीनच ठिकाणं उरतात: एर्गोस्टेरॉल, तो बनवायची वाट आणि ती टायरसारखी भिंत. चौथं शोधायला बसलं तर हाताला फारसं काही लागत नाही.

भाची एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडं हट्ट धरला आणि आम्ही तिच्या लॅबमध्ये तीन चंबू लावले. साखर आणि थोडं पोषण घातलेलं पाणी, त्यात बेकरीचं यीस्ट. पहिला चंबू तसाच. दुसऱ्यात फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाची एक गोळी कुटून. तिसऱ्यात निस्टॅटिन, हेही बुरशीचंच औषध, जे पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून तिनं आधी दुसऱ्या द्रवात विरघळवून घेतलं.

निस्टॅटिनबद्दल एक सांगायचा मोह आवरत नाही. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन बायकांनी ते शोधलं. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीला. माती आणि नमुने दोघी एकमेकींना टपालानं पाठवायच्या. ज्या मातीत ते सापडलं ती हेझनबाईंच्या ओळखीच्यांच्या शेतातली. १९५० साली शोध जाहीर झाला. न्यूयॉर्क स्टेट, म्हणून नाव निस्टॅटिन. मिळालेलं मानधन दोघींनी संशोधनाला देऊन टाकलं.

तर चंबू. चार तासांनी पहिला आणि दुसरा दोन्ही सारखेच फसफसत होते. भाचीकडं बघून मी म्हटलं, ‘‘तुझी गोळी खोटी आहे.’’ तिसरा मात्र सपाट. एक बुडबुडा नाही. तिसऱ्यातला थेंब काचेवर घेतला, मेथिलिन ब्लू घातलं, तर निळंच निळं, शाईच्या दौतीत बघितल्यासारखं. निस्टॅटिन थेट पडद्यातल्या एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं, पडद्याला गळती लागते, आतलं पोटॅशियम बाहेर पळतं आणि पेशी मरते.

दुसऱ्यातला थेंब घेतला. सगळे दाणे बिनरंगी, म्हणजे जिवंत. मग गोळीनं केलं काय? ते दुसऱ्या दिवशी दिसलं. पहिल्या चंबूत पेशी मोजता येईनात, इतकी गर्दी. दुसऱ्यात जेमतेम वाढ. आणि दाणे कसे? फुगलेले, बेढब. लेकरू आईला चिकटलेलंच, त्या लेकराच्या खांद्यावर आणखी एक, तेही सुटलेलं नाही. तीन-तीन, चार-चारचे घोस. मी ३१ वर्षांत असं यीस्ट बघितलं नव्हतं.

फ्लुकोनॅझोल पडद्याला हातच लावत नाही. एर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या वाटेवर एक एन्झाइम आहे, ते हे औषध बंद पाडतं. जुन्या पडद्यात जो माल आधीच लागला आहे तो तसाच राहतो, म्हणून पहिल्या दिवशी फसफस चालू. पण नव्या लेकरासाठी नवा पडदा लागतो आणि त्याचा माल येत नाही. त्याऐवजी अर्धवट, वेडावाकडा स्टेरॉल पडद्यात भरला जातो. पडदा बिघडला की त्याच्यावर बसलेली भिंत बांधणारी यंत्रंही बिघडतात, कायटिन भलतीकडंच थापलं जातं आणि लेकरू सुटत नाही.

शेवटी भाचीनं दुसऱ्या चंबूतलं यीस्ट धुऊन घेतलं आणि औषध नसलेल्या साखरपाण्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी ते पहिल्यासारखं वाढलेलं. जसं काही झालंच नव्हतं.

संपादक महोदय, हा चंबू मला प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर ठेवावासा वाटतो. गोळी यीस्टला मारत नाही, खाली बसवते. बसलेल्याला उचलून न्यायचं काम आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं. त्यांचं काम व्हायच्या आत गोळी बंद केली तर काय होतं ते त्या चंबूत दिसलं.

हे कळायला मला उशीर झाला आणि भोगावं लागलं घरच्यांना. २०१९ च्या महापुरात मेव्हण्याच्या घरी पाणी शिरलं. उपसायला आणि धुवायला आम्ही दोघंही सांगलीला गेलो होतो. आठवडाभर चिखलात आणि ओल्या कपड्यांत. मला पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, त्या वाळल्या. सौभाग्यवतींना मात्र कमरेला आणि मांड्यांना गोल चट्टे उठले. तिला साखर आहे, दहा वर्षं. डॉक्टरकडं जायची लाज. मी एका मेडिकलमध्ये गेलो. पोरगं विशीतलं. न बघताच म्हणालं, ‘‘काका, ही ट्यूब न्या. तीन दिवसांत खल्लास.’’

आणि खरंच, तिसऱ्या दिवशी खाज बंद. लाली गेली. मी त्या पोराला दुवा दिला. पंधरा दिवसांनी चट्टे परत, मोठे. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम. असं सात महिने. चट्टे पोटावर चढले, कड पुसट झाली, बघून नायटा ओळखूही येईना. जांघेतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली आणि तिथं लालसर रेघा पडल्या. त्या अजून आहेत.

मिरजेला त्वचेच्या डॉक्टरबाईंनी ट्यूब हातात घेतली, चष्मा वर केला आणि मला वाचायला लावली. मी केमिस्ट माणूस, आणि सात महिन्यांत एकदाही ती वाचली नव्हती. आत तीन औषधं. एक बुरशीचं, कोनॅझोल घराण्यातलं. एक जिवाणूंचं, ज्याचा इथं काही संबंध नव्हता. आणि एक क्लोबेटासोल, कडक स्टेरॉइड. खाज थांबवली ती त्यानं. कशी? पांढऱ्या पेशींना घरी पाठवून. म्हणजे एकाच ट्यूबमध्ये बुरशीला खाली बसवणारं औषध आणि तिला उचलायला येणाऱ्यांना परत फिरवणारं औषध. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. ‘‘काका, रोज असे बघते मी,’’ एवढंच म्हणाल्या. स्टेरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम २०१८ सालीच झाला आहे. आम्हाला पुढच्या वर्षी मिळालीच की. नंतर सौ.ला दोन महिने इट्राकोनॅझोल घ्यावं लागलं, जेवणाबरोबर, न चुकता. चट्टे गेल्यावरही पुढं काही दिवस घ्यायला लावलं. तेव्हा मला ते जादा वाटलं होतं. चंबू बघितल्यावर वाटेनासं झालं.

आता पत्राच्या नावाकडं येतो. त्या गोळ्यांची पट्टी टेबलावर पडली होती. पुतण्या बागेतून आला. भुरीला फवारून आला होता, अंगाला वास. पट्टी उचलून वाचली आणि म्हणाला, ‘‘आप्पा, काकूच्या गोळीचं आणि आपल्या औषधाचं आडनाव एकच की वो.’’

एकच आहे. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, आणि बागेतली हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल. सगळी एका भावकीची. भुरीच्या बुरशीतही एर्गोस्टेरॉलचाच सख्खा भाऊ, तीच वाट, तेच एन्झाइम बंद. पुतण्या बारावी नापास आहे, पण त्यानं पुढं जो प्रश्न विचारला तो मला बी.एस्सी.ला कुणी विचारला नव्हता: ‘‘मग डावणीला हेक्झा का लागत न्हाय?’’ ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डावणी या रोगानं द्राक्षवाल्याची झोप उडते, आणि डावणीचं औषध वेगळं हे बागायतदाराच्या लहान पोरालाही माहीत असतं. का, ते कुणी सांगत नाही. डावणी ही खरी बुरशीच नाही. दिसते बुरशीसारखी, पण कूळ वेगळं, पाण्यातल्या शेवाळांच्या जवळचं. तिची भिंत मुख्यतः ग्लुकान-सेल्युलोजची आणि ती एर्गोस्टेरॉल बनवतच नाही. जी वाट तिच्या गावात नाही ती हेक्झा कशी अडवणार?

एका भावकीचं असण्याचा तोटा हा, की एकाकडून मिळालेला मार दुसऱ्याच्या कामी येतो. मातीत, पाचोळ्यात, कंपोस्टात ॲस्परजिलस नावाची बुरशी सगळीकडं असते. एरवी ती आपल्या वाटेला जात नाही, पण अशक्त माणसाच्या फुप्फुसात घर करते. शेतातल्या कोनॅझोल फवाऱ्यांना सरावलेली ॲस्परजिलस नेदरलँड्समधल्या रुग्णांत आधी ध्यानात आली. त्यातल्या बऱ्याच माणसांनी कधी गोळी घेतलेलीही नव्हती आणि गोळी लागू पडत नव्हती. तशीच आपल्या देशातल्या मातीतही सापडली आहे. मी फवारणीच्या विरोधात नाही. भुरी आलेला घड कोण घेणार? पण दुकानदार म्हणतो म्हणून प्रत्येक टाकीत ‘थोडं हेक्झा पण टाका’ हे बंद व्हायला पाहिजे. गट बदलून औषधं मारा असं लेबलवर छापलेलं असतं. मीही ट्यूब वाचली नव्हती, त्यामुळं जास्त बोलत नाही.

बुरशी सरावते म्हणजे काय करते, तेही आपल्या जिल्ह्याच्या भाषेत सांगण्यासारखं आहे. एक म्हणजे ती त्या एन्झाइमचा आकार जरासा बदलते, की औषध बसेनासं होतं. कुलूप बदलल्यासारखं. दुसरं म्हणजे पडद्यावर पंप बसवते आणि आत आलेलं औषध बाहेर उपसून टाकते. टेंभू-म्हैसाळसारखी उपसा योजना, फक्त हिचं वीजबिल थकत नाही. आणि एकदा पंप चालू झाला की तो बहुतेकदा एकट्या फ्लुकोनॅझोलवर थांबत नाही, भावकीतल्या बाकीच्यांनाही उपसतो. कोनॅझोलांच्या आधीच्याच टप्प्यावर वाट अडवणारं टर्बिनाफिन नायट्यावर हमखास समजलं जायचं. आता ज्या नायट्यावर ते चालत नाही त्या बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. नावातच आपला देश. तुमच्या गुरुवारच्या बातमीतला नायटा बहुधा हाच.

कॅन्डिडा ऑरिस हे नाव वाचकांनी ऐकलं असेल. जपानमध्ये एका बाईच्या कानात सापडली, २००९ साली तिची नोंद झाली, म्हणून ऑरिस, लॅटिनमध्ये कान. ती बहुतेक वेळा फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही आणि अतिदक्षता विभागातल्या कॉटला, भिंतीला चिकटून राहते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, त्यात तिला सगळ्यात वरच्या गटात ठेवलं आहे. तिच्यावर आधी वापरायचं औषध म्हणजे कॅस्पोफंजिनच्या घरातलं इंजेक्शन. ते ट्यूबला सोडून टायरला धरतं. ग्लुकान विणणारं यंत्र बंद करतं. टायर विरला की ट्यूब जिथं जागा मिळेल तिथं फुगून बाहेर येते आणि फुटते. यीस्टच्या बाबतीत ते नेमकं वाढीच्या टोकाला होतं, जिथं लेकरू फुटत असतं. आपल्या पेशीला टायरच नाही, त्यामुळं आपल्याला फारसा त्रास नाही. औषध झकास. पण इंजेक्शनच आणि महाग.

आणि काळी बुरशी? तिच्यावर ना फ्लुकोनॅझोल चालत, ना हे टायरवालं. २०२१ च्या मे महिन्यात माझ्या साडूला कोविडनंतर ती झाली. मिरजेत दाखल होता. साखर वाढलेली, आधीच स्टेरॉइड झालेलं. डॉक्टर म्हणाले, अँफोटेरिसिन आणा. हे निस्टॅटिनचंच भावंड. ते पडद्याला भोकं पाडतं असं आम्ही शिकलो होतो. २०१४ साली इलिनॉय विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की त्याचं मुख्य काम वेगळंच आहे: पडद्याच्या बाहेर त्याचे गठ्ठे बसतात आणि स्पंजनं पाणी ओढावं तसं पडद्यातलं एर्गोस्टेरॉल ओढून घेतात. पण चुलतभावांची चेहरेपट्टी एक ना, थोडं आपल्या कोलेस्टेरॉललाही हात लावतं आणि मूत्रपिंडाला दणका देतं. म्हणून ते चरबीच्या बारीक फुग्यांत भरून देतात. तेच मिळत नव्हतं. आम्ही कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, पुणे, सगळीकडं फोन लावले. तीन दिवस साधं इंजेक्शन दिलं. ते सुरू झालं की माणूस खाटेसकट थरथरायचा आणि मूत्रपिंड थकल्याचं सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा रोज वर. मग फुग्यातलं मिळालं. माणूस वाचला, डावा डोळा गेला. त्या तीन दिवसांत वॉर्डाबाहेर बसून मी मनातल्या मनात औषधांची उजळणी करत होतो. दुसरं काय आहे, तिसरं काय आहे. बोटं मोजायला एक हात पुरला.

म्हणून विनंती अशी. मथळा दुरुस्त करून छापा. पहिल्या पानावर नको, पण त्याच जागी, त्याच अक्षरांत. ‘अँटिबायोटिक’च्या जागी ‘बुरशीचं औषध’ लिहिलं तर एक अक्षर जास्त होईल, होऊ द्या. आणि त्या तीन औषधांच्या ट्यूबबद्दल एकदा नीट लिहा. पावसाळ्याच्या तोंडाला लिहिलंत तर बरं, कारण विक्री तेव्हाच असते. फोटो मलमाचा छापू नका, लोक तो दाखवून तेच मागतील. पांढऱ्या डागांच्या बातमीत मागं तसं झालं होतं.

पत्र लांबलं याची जाणीव आहे. कात्री लावायची तर बाजरीच्या अरगटावर लावा, दोन बायकांच्या टपालावर लावा, माझ्या लग्नाच्या गोष्टीवर तर जरूर लावा. दुसऱ्या चंबूला हात लावू नका. पारावरच्या त्या गृहस्थाला मी मिरजेच्या डॉक्टरबाईंचा पत्ता दिला आहे. सोमवारी जातो म्हणाला. कॅप्सूल मात्र त्यानं मला दिल्या नाहीत, खिशातच ठेवल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त यीस्ट केमिस्ट
तासगाव तालुका, जि. सांगली

ता. क. नाव छापू नये. सौ.नं पत्र वाचलं आहे आणि तिची हरकत नाही, पण गाव लहान आहे.